मुमताजचे चौदावे बाळंतपण

ताजमहाल पाहून आलेला माणूस घरी आल्यावर काय सांगतो? संगमरवराची नक्षी सांगतो, यमुनेचा काठ सांगतो, चांदण्या रात्रीची हकीकत ऐकवतो आणि शेवटी बादशहाच्या मोहब्बतीबद्दल दोन वाक्ये बोलतो. ज्या स्त्रीसाठी ही इमारत उभी राहिली ती कशाने गेली असे विचारले, तर ‘बाळंतपणात गेली’ एवढेच उत्तर येते. हा शब्दप्रयोग आपल्याकडे इतका रुळलेला आहे की त्यापुढे कोणी काही विचारीत नाही. कशी गेली? कळा किती वेळ चालल्या? खोलीत कोण होते? अंगावरून किती रक्त गेले? असले प्रश्न विचारणे आपल्याला बेअदबीचे वाटते.

या लेखात आम्ही नेमके हेच प्रश्न विचारणार आहोत. मुसलमानांचा इतिहास म्हणून आपल्यापुढे येतो तो लढायांचा, इमारतींचा, वारसाहक्काच्या भांडणांचा. त्या इतिहासातला प्रत्येक शहजादा एका बंद खोलीत, ओल्या चादरीवर, एका बाईच्या किंकाळ्यांमध्ये जन्माला आला, याची नोंद तवारिखांत येत नाही. जन्माची तिथी येते, घटका-पळे येतात, नजराणे येतात. बाळंतिणीचे शरीर येत नाही. ते का येत नाही आणि न आल्यामुळे आपले काय नुकसान झाले, हे पाहायचे आहे.

बुऱ्हाणपूरची रात्र

भुसावळहून खांडव्याकडे रेल्वेने निघाले की रावेर मागे पडते, आणि महाराष्ट्राची हद्द ओलांडताच बुऱ्हाणपूर येते. आज ते मध्य प्रदेशात असले तरी जुन्या खानदेशाची ती राजधानी. फारुकी सुलतानांनी वाढवलेले आणि पुढे मुघलांचे दख्खनमधील ठाणे बनलेले हे शहर तापीच्या काठावर आहे. काठावरच शाही किल्ला आहे आणि किल्ल्यात हमामखाना. त्याच्या छतावरची रंगीत नक्षी अजून थोडीफार शिल्लक आहे. मार्गदर्शक ती नक्षी दाखवतात. मुमताज ज्या खोलीत बाळंत झाली ती खोली दाखवावी असे कोणाला वाटत नाही.

शाहजहान १६३० मध्ये दख्खनच्या मोहिमेसाठी येथे आला. बंड करून निजामशाहीच्या आश्रयाला गेलेल्या खानजहान लोदीचा बंदोबस्त करायचा होता. मुमताज नेहमीप्रमाणे बरोबर होती. १७ जून १६३१ रोजी, म्हणजे हिजरी १०४० च्या जिलकद महिन्यात, तिने गौहरआरा या मुलीला जन्म दिला आणि थोड्याच वेळात तिचे निधन झाले. कळा तीस तास चालल्या असे सांगितले जाते. वय अडतीसच्या आसपास. हे तिचे चौदावे बाळंतपण होते.

तापीच्या पलीकडे जैनाबादच्या बागेत तिला तात्पुरते दफन करण्यात आले. सहा महिन्यांनी, डिसेंबर १६३१ मध्ये, तिचे शव आग्ऱ्याला नेण्यात आले. बरोबर शहजादा शुजा होता, वजीर खान होता आणि तिची विश्वासू सती-उन-निसा खानम होती. या दोन नावांकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. वजीर खान हा मुळात हकीम. लाहोरची प्रसिद्ध वजीर खान मशीद त्याचीच. सती-उन-निसा ही कवी तालिब आमुली याची बहीण. कुराणपठणात निपुण होती आणि वैद्यकही जाणणारी म्हणून तिचा लौकिक होता. म्हणजे त्या काळातले उत्तम वैद्यकीय ज्ञान मुमताजच्या अगदी निकट होते. त्या ज्ञानाला तिच्या जनाज्याबरोबर चालावे लागले.

दरबारी इतिहासकारांनी बादशहाचा शोक तपशिलाने लिहिला आहे. त्याची दाढी पांढरी झाली, त्याने गाणेबजावणे आणि भरजरी वस्त्रे सोडली, वगैरे. पुढच्या काळात तर आख्यायिका तयार झाली की मूल पोटातच रडले आणि आईला मृत्यूची चाहूल लागली. शोक आणि चमत्कार या दोहोंच्या मध्ये बाळंतिणीची खोली हरवली. ताजमहालातील तिच्या कबरीवर नाव, किताब आणि १०४० हे साल आहे.

एकोणीस वर्षांचा हिशेब

आता साधा हिशेब मांडू. अर्जुमंद बानूचा निकाह मे १६१२ मध्ये झाला. जून १६३१ मध्ये ती गेली. एकोणीस वर्षे आणि चौदा बाळंतपणे. प्रत्येकी नऊ महिने धरले तर १२६ महिने होतात. म्हणजे संसाराच्या एकोणीस वर्षांपैकी साडेदहा वर्षे ती गरोदर होती. चौदांपैकी सात मुले जगली, सात बालपणीच गेली.

ही बाळंतपणे सगळी महालात झाली असेही नाही. औरंगजेब १६१८ मध्ये गुजरातच्या सीमेवरील दोहद येथे जन्मला, छावणी परतत असताना. १६२२ ते १६२६ या काळात शाहजहानने बापाविरुद्ध बंड केले आणि सारे बिऱ्हाड तेलंगण, ओरिसा, बंगाल, बिहार असे पळत राहिले. त्या धावपळीत १६२४ मध्ये रोहतासच्या किल्ल्यात मुराद जन्मला. गरोदर बाईने हत्तीच्या अंबारीत किंवा पालखीत महिनोन् महिने प्रवास करणे म्हणजे काय, हे तवारिखांत नाही. पण कोणत्याही बाळंतिणीला विचारावे. सकाळच्या ओकाऱ्या, पायांना सूज, रात्री पिंढऱ्यांना येणारे गोळे, छातीत जळजळ, मूळव्याध, दर अर्ध्या तासाला लघवीची घाई. हे शहजादीलाही चुकत नाही. फक्त तिच्याभोवती पडदे जास्त असतात.

आणखी एक गोष्ट आहे आणि ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मुघल घराण्यात मुले दूधआईकडे देण्याची प्रथा होती. अकबराच्या अनगा इतिहासात प्रसिद्धच आहेत. आई मुलाला अंगावर पाजीत असली की बहुधा काही महिने तिला पुन्हा दिवस राहत नाहीत. निसर्गाने घातलेला हा बांध आहे. दूधआई आली की बांध फुटतो. शेतात राबणारी कुणब्याची किंवा मोमिनाची बाई मूल दोन वर्षे अंगावर पाजीत असे, आणि तिच्या बाळंतपणांत आपोआप अंतर पडे. मलिकेला ती सवलतही नव्हती. मुमताजची शेवटची बाळंतपणे पाहा: १६२६, १६२८, १६३०, १६३१.

अशा वेळी शरीरात काय होते? मूल बाहेर आल्यावर वार सुटते. वार जिथे चिकटलेली असते तिथे गर्भपिशवीच्या आत ताटाएवढी उघडी जखम राहते. दिवस भरलेल्या बाईच्या पिशवीतून मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त वाहत असते. एरवी वार पडताच पिशवी मुठीसारखी घट्ट आवळते, तिचे स्नायू रक्तवाहिन्यांना पिळून बंद करतात आणि बाई वाचते. पण वारंवार ताणलेली पिशवी, त्यात लांबलेल्या कळांनी थकलेली, कधी कधी आवळतच नाही. ती ओल्या कापडासारखी सैल राहते. मग रक्त थांबत नाही. गादी भिजते, गादीखालची सतरंजी भिजते, बाई आधी तहान मागते, मग थंडी वाजते म्हणते, मग बोलेनाशी होते. उपचार न मिळाल्यास दोन तासांतही सारे संपू शकते. मुमताजच्या मृत्यूबाबत आजच्या वैद्यकाला याच कारणाचा सर्वाधिक संशय येतो.

याच वर्षांत दख्खन आणि गुजरातेत भयंकर दुष्काळ पडला होता. १६३० च्या अखेरीस सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्ऱ्याला गेलेल्या पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्याने वाटेवरच्या प्रेतांचे वर्णन करून ठेवले आहे. तुकोबांची पहिली पत्नी याच दुष्काळात अन्नान्न करीत गेली, अशी परंपरा आहे. फेब्रुवारी १६३० मध्ये शिवनेरीवर जिजाबाई बाळंत झाल्या. पायथ्याच्या जुन्नरलाच दोन-तीन वर्षांपूर्वी शाहजहानचा मुक्काम होता आणि तेथूनच तो तख्तासाठी उत्तरेकडे निघाला होता. शहाजीराजांच्या धावपळीत गरोदर जिजाबाईंना सुरक्षित जागा म्हणून गड मिळाला. त्या दोन वर्षांत खानदेशातल्या आणि पुणे प्रांतातल्या किती उपाशी बायका बाळंत होता होता गेल्या असतील! त्यांच्यासाठी कोणी दगडावर दगडही ठेवला नाही.

हकीम कोठे होते?

वाचक म्हणतील, त्या काळी ज्ञानच नव्हते, त्याला कोण काय करणार? हे अर्धेच खरे आहे.

मुमताजच्या सहा शतके आधी कुर्तुब्यात अबुल कासिम अल-जहरावीने ‘अत-तसरीफ’ हा तीस भागांचा ग्रंथ लिहिला. त्याचा तिसावा भाग शस्त्रक्रियेवर आहे आणि त्यात हत्यारांची चित्रे आहेत. मूल आडवे असले, पायाळू असले, हात आधी बाहेर आला तर सुइणीने काय करावे हे त्यात आहे. पोटात मेलेले मूल आकड्याने कसे काढावे, अडकलेल्या वारेचे काय करावे, हेही आहे. हे सारे तो काहीही आडपडदा न ठेवता लिहितो. त्याच कुर्तुब्यात त्याच्या थोडे आधी अरीब इब्न सादने गर्भ, गरोदर स्त्री आणि नवजात बालक यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. इब्न सीनाने ‘कानून’मध्ये तर एक विलक्षण निरीक्षण नोंदवले आहे. फार कोवळ्या वयात लग्न झालेल्या मुलींना बाळंतपणात मुलाच्या भाराने मूत्राशय फाटण्याचा धोका असतो आणि मग मूत्र जन्मभर गळत राहते. म्हणून अशा मुलींना गर्भ राहू नये असे उपाय हकिमाने सांगावेत, असा त्याचा सल्ला आहे.

गर्भ न राहू देण्याचे उपाय म्हटल्यावर काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. त्यांनी इमाम गजाली पाहावेत. ११११ मध्ये निवर्तलेल्या या थोर आलिमाने ‘इह्या’मध्ये अज्लची, म्हणजे संबंधाच्या वेळी गर्भ राहू नये म्हणून घ्यायच्या दक्षतेची, चर्चा केली आहे. बाळंतपणाच्या धोक्यापासून बायकोचा जीव वाचवणे हे त्यांनी त्याचे एक रास्त कारण मानले आहे. नऊशे वर्षांनंतर आपण अजून त्यावर वाद घालतो. मुंबईत १९२१ साली र. धों. कर्वे यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने नाके मुरडली. त्यांच्या मदतीला गजालींचा दाखला घेऊन जायला आपल्यातला एखादा मौलवी निघाला असता तर बरे झाले असते.

तेव्हा ज्ञान होते. अडचण पडद्याची होती. औरंगजेबाच्या कारकिर्दीच्या सुरुवातीला दिल्लीत असलेल्या बर्निए या फ्रेंच वैद्याने लिहिले आहे की जनानखान्यातल्या एका आजारी बेगमेसाठी त्याला बोलावले, तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत काश्मिरी शाल पांघरून, आंधळ्यासारखा हात धरून त्याला आत नेले गेले. अल-जहरावीलाही ही अडचण ठाऊक होती. बाईच्या मुतखड्याच्या शस्त्रक्रियेबद्दल लिहिताना तो सांगतो की जाणकार स्त्रीवैद्य मिळाली तर उत्तम, नाहीतर सुइणीला शेजारी घेऊन, तिला सूचना देऊन काम करावे. म्हणजे उपाय त्यानेच सांगून ठेवला होता: बायकांना शिकवा. आपण त्याचे पुस्तक युरोपला दिले आणि सल्ला विसरलो. लॅटिनमध्ये उतरलेला ‘तसरीफ’ युरोपातील शस्त्रवैद्य शतकानुशतके वाचत राहिले. आपल्याकडे कितीतरी बाळंतिणींच्या नशिबी अक्षरशून्य दाई उरली.

हात कोणाचे अस्वच्छ?

या दाईवर पुढे फार टीका झाली. इंग्रजी अमदानीतले अहवाल तिच्या नावाने बोटे मोडतात. ती विळ्याने नाळ कापते, जखमेवर राख किंवा शेण लावते, खोलीची झडप लावून शेगडी पेटवते आणि धनुर्वाताला आमंत्रण देते. आरोप खोटे नव्हते. पण दाईला घाण म्हणणाऱ्यांनी आपल्या घरचे पाहावे म्हणून एक गोष्ट सांगतो.

१८४७ सालची व्हिएन्ना. तेथील मोठ्या प्रसूतिगृहाचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि वैद्यकाचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या विभागात सूतिकाज्वराने मरणाऱ्या बायकांचे प्रमाण सुइणींच्या विभागापेक्षा कितीतरी जास्त होते. गरीब बायका हातापाया पडत, आम्हाला सुइणींकडे घाला. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने शोधून काढले की विद्यार्थी प्रेतांची चिरफाड करून तसेच बाळंतिणींना तपासायला येतात. त्याने क्लोरिनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये शंभरातल्या अठरा बायका मेल्या होत्या. जूनमध्ये प्रमाण दोनवर आले. आपले हात घाण असू शकतात, हे वरिष्ठ डॉक्टरांना मानवले नाही. सेमेलवाइस १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात मेला.

इब्न सीनाने सांगितलेल्या मूत्र गळण्याच्या दुखण्याचीही अशीच कथा आहे. त्यावरची भरवशाची शस्त्रक्रिया सापडायला आठशे वर्षे लागली. ती सापडली अमेरिकेतील अलाबामात, मॅरियन सिम्स या डॉक्टरला, १८४९ च्या सुमारास. कोणावर प्रयोग करून? हबशी गुलाम बायकांवर, आणि तेही भूल न देता. अनार्का, बेट्सी आणि लूसी या तिघींची नावे उरली आहेत, आडनावे नाहीत. एकट्या अनार्कावर सुमारे तीस शस्त्रक्रिया झाल्या. जगभरच्या बाया आज ज्या टाक्यांनी बऱ्या होतात ते टाके आधी या बायकांच्या अंगावर घातले गेले.

आपल्याकडे १८८५ मध्ये डफरिन फंड निघाला, तो पडद्यातल्या बायकांपर्यंत स्त्री डॉक्टर पोहोचवण्यासाठी. १८८६ मध्ये पेस्तनजी कामांच्या देणगीतून मुंबईत केवळ स्त्रिया आणि मुलांसाठी कामा इस्पितळ उघडले आणि त्याची सूत्रे एडिथ पेची या डॉक्टरीणबाईंकडे आली. त्याच वर्षी अमेरिकेत आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. चौदाव्या वर्षी त्या बाळंत झाल्या होत्या आणि ते मूल दहा दिवसांत गेले होते. पुढे प्रबंधासाठी त्यांनी प्रसूतिशास्त्राचाच विषय घेतला. १९०३ मध्ये दाईंना शिकवण्यासाठी व्हिक्टोरिया स्मारक निधी निघाला. पारशांनी पैसा दिला, ब्राह्मणाची मुलगी सातासमुद्रापार गेली. मुसलमानांचे शहाणे लोक तेव्हा मुलींना लिहायला शिकवावे की नुसते वाचायला, यावर चर्चा करीत होते. हे लिहिताना आम्हाला आनंद होत नाही, पण लपवून तरी काय मिळणार?

आमच्या दादीचा वुजू

आता घरातली गोष्ट. आमच्या दादीला नऊ बाळंतपणे झाली. सगळी घरात, मागच्या अंधाऱ्या खोलीत. जचगी म्हटली की आम्हा मुलांना अंगणात हाकलले जाई. कापडाने झाकलेली बादली बाहेर जाताना दिसे. तिच्यात काय आहे हे विचारायचे नाही. मग कानात अजान, छटी, अकिका, चिल्ला. बाळंतिणीला हरीरा, ओव्याची धुरी, कमरेला घट्ट पट्टा. बायका जच्चाची गाणी म्हणत. त्या गाण्यांत चांदीचा पाळणा असे, सोन्याचा झुला असे. टाके न घालता तशीच सांधू दिलेली फाटलेली जागा नसे, भेगाळलेली आणि गाठ धरलेली थाने नसत, खोकल्याबरोबर होणारी लघवी नसे.

दादी म्हातारपणी नमाज पढत नसे. रमजानात सगळ्या बायका तरावीहला उभ्या राहत, ती एकटी मागे भिंतीला टेकून तसबीह फिरवीत बसे. आम्हाला वाटे, गुडघे दुखत असतील. घरातल्या पुरुषांनी एकदोनदा टोकलेही. तिने कधी उत्तर दिले नाही. ती गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी आमच्या फुफूने सांगितले की सातव्या बाळंतपणानंतर दादीचे अंग बाहेर येई आणि थेंब थेंब लघवी गळत राही. वुजू टिकत नसे. नापाक अवस्थेत मुसल्ल्यावर कसे उभे राहायचे, म्हणून तिने नमाज सोडली. तीस वर्षे ती गुन्हेगारासारखी भिंतीला टेकून बसली.

आता यातली खरी शोकांतिका पाहा. ज्याचा वुजू टिकूच शकत नाही त्याला फिकहमध्ये ‘माजूर’ म्हणतात. हनफी मसलकात अशा माणसाने प्रत्येक नमाजच्या वेळेला एकदा वुजू करायचा आणि नमाज पढायची. गळती चालू असली तरी ती नमाज होते. शाफईंतही थोड्या फरकाने अशीच सवलत आहे. कोणत्याही साध्या आलिमाने हे दोन मिनिटांत सांगितले असते. पण विचारायला तोंड उघडावे लागते. आणि शरीफ घरातल्या बाईने हे तोंडाने कसे उच्चारायचे?

आपण म्हणतो, आपल्या मजहबात हया आहे म्हणून या गोष्टी बोलल्या जात नाहीत. वस्तुस्थिती उलटी आहे. फिकहची पुस्तके उघडा. हैज आणि निफासचे आख्खे अध्याय आहेत. बाळंतपणानंतरचे रक्त जास्तीत जास्त किती दिवस निफास मानायचे, यावर इमामांनी मोकळेपणाने मतभेद केले आहेत. हनफींकडे चाळीस दिवस, तर आपल्या कोकणी बांधवांच्या शाफई मसलकात साठ. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला रोजाची सवलत आहे. ‘बहिश्ती जेवर’सारखे पुस्तक तर मुलींच्या दहेजात दिले जाई आणि त्यात हे सारे मसले साध्या भाषेत आहेत. कुराणात हजरत मरियमच्या प्रसववेदनांचा उल्लेख आहे, खजुराच्या झाडाशी त्यांनी काढलेल्या त्या एकाकी घटकेचा, त्यांच्या तोंडून निघालेल्या व्याकूळ उद्गारांचा. जिथे अल्लाहच्या कलामात या वेदनेला जागा आहे, तिथे आपल्या दिवाणखान्यात ती का नसावी? ही शरम मजहबने दिलेली नाही. ती आपल्या शराफतीच्या खोट्या कल्पनांची कमाई आहे.

आणखी एक आधार नेहमी पुढे केला जातो. बाळंतपणात मरणाऱ्या बाईला शहादतीचा दर्जा आहे, असे हदीसमध्ये आहे. आहेच, आणि दुःखी घराला त्याचा मोठा दिलासा आहे. पण त्याच हदीसमध्ये बुडून मरणारा, प्लेगने मरणारा आणि इमारत कोसळून मरणारा यांनाही तोच दर्जा आहे. म्हणून आपण कललेली भिंत तशीच ठेवतो काय? मुलांना विहिरीच्या काठावर खेळू देतो काय? मेलेल्याला मिळणारा सन्मान जिवंताच्या हलगर्जीपणाचे निमित्त होऊ शकत नाही.

मोजलेले रक्त

मुमताजला काय वाचवू शकले असते? उत्तर आश्चर्य वाटावे इतके छोटे आहे. १९३५ मध्ये अरगट या बुरशीतून एर्गोमेट्रीन हे औषध वेगळे काढले गेले. युरोपच्या सुइणी ती बुरशी आधीपासून वापरीतच होत्या. १९५३ मध्ये द्यू विन्यो या शास्त्रज्ञाने गर्भपिशवी आवळणारे ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत बनवले आणि १९५५ मध्ये त्याला नोबेल मिळाले. वार पडण्याच्या सुमारास दंडात एक सुई, एवढीच गोष्ट. ऑक्सिटोसिन थंड ठेवावे लागते. जिथे फ्रिज नाही तिथे मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या चालतात.

तरीही जगात दर वर्षी हजारो बायका बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने मरतात. एक कारण असे की रक्त किती गेले हे डोळ्यांनी अंदाजले जाते, आणि अंदाज नेहमी कमी निघतो. ‘बाळंतपणात रक्त जायचेच’ असे म्हणत वेळ निघून जाते. २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील ऐंशी इस्पितळांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात बाळंतिणीखाली प्लास्टिकची एक पिशवी लावली. तिच्यावर मापाच्या रेघा होत्या, जशा दुधाच्या बाटलीवर असतात. रक्त रेघेपर्यंत आले की थांबायचे नाही. पोट चोळणे, औषध, सलाइन, तपासणी असे सारे उपाय एकदम सुरू करायचे. गंभीर रक्तस्राव, त्यासाठीची शस्त्रक्रिया आणि मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण साठ टक्क्यांनी कमी झाले. बाईच्या रक्ताकडे पाहून ते मोजायचे ठरवले, एवढ्याने इतका फरक पडला.

आपल्या देशाचेही चित्र बदलले आहे. २००१–०३ मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे ३०१ माता मरत होत्या. २०२०–२२ मध्ये हा आकडा ८८ वर आला. महाराष्ट्रात तो २०१८–२० मध्ये ३३ होता. दवाखान्यातली बाळंतपणे, मोफत रुग्णवाहिका, गावातल्या आशाताई यांची ही कमाई आहे. पण मरणाचा आकडा म्हणजे सगळे नाही. जी मेली नाही तिचे काय? तिचा पांडुरोग, तिचे बाहेर येणारे अंग, तिची गळती, बाळंतपणानंतर महिनोन् महिने न सुटणारी तिची उदासी यांचा आकडा कोणी विचारत नाही. त्या बाबतीत आपण अजून दादीच्या अंधाऱ्या खोलीतच आहोत.

गौहरआरा, जिच्या जन्माने आई गेली, ती मुलगी जगली. भावाभावांतले युद्ध तिने पाहिले, बाप कैदेत गेलेला पाहिला, आणि १७०६ मध्ये, औरंगजेबाच्या एक वर्ष आधी, ती वारली. इतिहासात तिच्याबद्दल फारच थोडे आहे.

ताजमहाल आपण पाडणार नाही. तो आमचाही अभिमान आहे. पण आग्ऱ्याला जाणाऱ्याने वाटेत बुऱ्हाणपूरला उतरावे. तापी ओलांडून जैनाबादच्या त्या पडक्या बागेत घटकाभर बसावे, फातिहा पढावा. आणि घरी परतल्यावर आपल्या आईला, बायकोला, सुनेला एक साधा प्रश्न विचारावा: तुला काही त्रास होतो का? ती आधी ‘काही नाही’ म्हणेल. दादीही तेच म्हणत असे. पुन्हा विचारावे.